काट्यावर कोण उभं आहे? ओव्हरलोड, कायदा आणि आपली माणसं

(युवक मेळाव्यातील भाषण, थोडं नीटनेटकं करून)



आजच्या यादीत माझ्या नावापुढे विषय लिहिलाय ‘ट्रकची कायदेशीर वजनमर्यादा’. तो वाचून पाठीमागच्या बाकांवर कोण कोण हसलं ते मी इथून बघितलंय. भाषा, शाळा, नोकऱ्या एवढे विषय असताना ट्रकचं वजन कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण एक विचारतो. या सभागृहात ज्यांच्या घरात, भाऊबंदात किंवा गल्लीत कुणी ट्रक, टिपर नाहीतर उसाची ट्रॉली चालवतं, त्यांनी हात वर करा. बघा. निम्म्याच्या वर हात आहेत. म्हणजे विषय आपलाच आहे.

निपाणीपासून बेळगावपर्यंत पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या दारातून जातो. चोर्ला आणि अनमोड घाटातून माल गोव्यात उतरतो. हंगामात सीमेच्या दोन्ही बाजूंचे साखर कारखाने आपल्याच रस्त्यांवरून ऊस ओढतात. माल कुणाचाही असो, स्टिअरिंगवर बऱ्याच वेळा आपला माणूस असतो. त्या माणसाला किती माल भरायला परवानगी आहे, ते कोण ठरवतं आणि मर्यादा मोडली तर कोण भरतं, एवढ्या तीन प्रश्नांवर मी बोलणार आहे.

पहिला प्रश्न, किती? गाडीवाले ज्याला ‘पासिंग’ म्हणतात तो आकडा आरसीवर छापलेला असतो. त्यात रिकामी गाडी आणि माल, दोन्हीचं मिळून वजन धरलेलं असतं. म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो भरायचा माल. पण एवढ्यावर संपत नाही. प्रत्येक अॅक्सलवर किती भार पडला पाहिजे याचीही वेगळी मर्यादा आहे. केंद्र सरकारनं जुलै २०१८ मध्ये ही मर्यादा वाढवली. दोन टायरच्या पुढच्या अॅक्सलला ६ टनांऐवजी ७ टन, चार टायरच्या मागच्या अॅक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन. जोडअॅक्सल, म्हणजे मागं आठ टायर असतात तो, १९ वरून २१ टनांवर गेला. साध्या सहा चाकी ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं आणि सगळ्यात मोठ्या ट्रेलरचं ४९ वरून ५५ टन.

आता सहा चाकी गाडी घ्या. रिकामी साडेसहा टनांची धरली तर तिच्यात १२ टन माल बसतो. हौद्यात जागा आहे म्हणून १७ टन भरला की ती गाडी पाच टन ओव्हरलोड. आणि समजा एकूण वजन बरोबर १८.५ टनच आहे, पण माल सगळा पाठीमागं रचलाय, तर मागचा अॅक्सल मर्यादेबाहेर जातो. एकूण बरोबर, तरी गाडी चुकीची. हे बऱ्याच नव्या चालकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मर्यादा अॅक्सलवर का मोजायची? कारण रस्त्याला गाडीचं एकूण वजन कळत नाही. त्याला कळतो फक्त टायरखालचा भार. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांच्यावरून वेगवेगळ्या वजनाचे ट्रक फिरवले गेले. त्यातून ठोकताळा निघाला की रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला की झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. ११.५ टनांच्या अॅक्सलवर १५ टन टाकले, तर भार तीस टक्क्यांनीच वाढला, पण झीज जवळजवळ तिप्पट. हाच हिशोब सरकारलाही लागू होतो. १०.२ वरून ११.५ टन म्हणजे भार तेरा टक्के वाढला, पण तेवढ्यानं त्या अॅक्सलखालची झीज सुमारे १.६ पट झाली. कायद्यानं परवानगी दिली म्हणून डांबर जाड होत नाही. युरोपातही ओढणाऱ्या अॅक्सलला ११.५ टनांचीच मर्यादा आहे. पण आपल्या तालुक्यातला जिल्हा मार्ग आणि तिकडचा महामार्ग यांच्या पायात किती फरक आहे ते तुम्ही रोज बघताय.

पुलांचंही तसंच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कारवार-सदाशिवगड दरम्यानचा काळी नदीवरचा जुना पूल रात्री कोसळला. एक ट्रक नदीत गेला, चालक बचावला. जुलै २०२५ मध्ये वडोदऱ्याजवळ गंभीरा पूल पडला, वाहनं नदीत कोसळली आणि वीसच्या आसपास माणसं गेली. हे पूल ओव्हरलोडमुळंच पडले असं मी अजिबात म्हणत नाही. पूल पडायला वय, देखभाल, पाणी, बांधकाम अशी अनेक कारणं असतात. पण पुलाची जी ताकद उरलेली असते तिचा हिशोब करताना ‘वरून जाणारी गाडी मर्यादेत आहे’ असं गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतच खोटं असेल, तर पुढचा सगळा हिशोब खोटा.

आणि घाट. चोर्ल्याच्या उतारावर १८ टनांची गाडी थांबवायला ब्रेकना जेवढं काम करावं लागतं, त्याच वेगात २७ टनांची गाडी थांबवायला दीडपट करावं लागतं. ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत. तिथं दंड ‘उतार’ वसूल करतो, आणि तो पैशात घेत नाही.

दुसरा प्रश्न, कोण ठरवतं? इथं मला माझ्या अभ्यासक्रमातलं थोडं सांगावं लागेल. आपल्या राज्यघटनेत एकच ट्रक तीन याद्यांमधून धावतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत. बाकीचे रस्ते, पूल आणि वाहनांवरचा कर राज्याच्या यादीत. आणि मोटार वाहनं समवर्ती यादीत, म्हणजे दोघांच्या. वजनाची मर्यादा येते ती केंद्राच्या मोटार वाहन कायदा १९८८ मधून. म्हणून ‘महाराष्ट्रात एवढं चालतं, कर्नाटकात तेवढं चालत नाही’ हे जे आपण ढाब्यावर ऐकतो, ते कायद्याच्या दृष्टीनं खरं नाही. कागलमध्ये जी मर्यादा आहे तीच कोगनोळीला आहे. सीमा ओलांडली म्हणून अॅक्सलची ताकद बदलत नाही.

बदलते ती अंमलबजावणी. तपासणी राज्याचं परिवहन खातं करतं. तडजोडीनं खटला मिटवायचा असेल तर ती रक्कम ठरवायचा अधिकार कलम २०० राज्यांना देतं. त्यामुळं एका बाजूला गाडी अडवली जाते, दुसऱ्या बाजूला सुटते, आणि माणसाला वाटतं कायदाच दोन आहेत. एके काळी तर काही राज्यांनी ठरावीक रक्कम भरून ओव्हरलोड गाडी पुढं जाऊ द्यायची सोय करून ठेवली होती. २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पैसे भरून जास्त माल नेण्याचा परवाना कुठलंही राज्य देऊ शकत नाही. दंड भरला तरी जादा माल उतरवलाच पाहिजे. हे लक्षात ठेवा. दंड म्हणजे तिकीट नव्हे, की फाडलं आणि प्रवास चालू.

तिसरा प्रश्न, भरतं कोण? कायदा काय म्हणतो ते आधी बघू. कलम ११३ सांगतं की आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त वजन घेऊन गाडी चालवायची नाही. कलम ११४ अधिकाऱ्याला गाडी काट्यावर न्यायला सांगायचा आणि जादा माल उतरवून घ्यायला लावायचा अधिकार देतं. कलम १९४ मध्ये दंड आहे. आधी तो २,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला १,००० रुपये होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये झाला. मघाच्या पाच टनांचा हिशोब करा. पूर्वी ७,०००, आता ३०,०००. आणि गाडी वजनाला न्यायला नकार दिला किंवा वजनाआधीच माल उतरवून टाकला तर ४०,०००.

आता नीट ऐका. कलम १९४ फक्त ‘जो चालवतो’ असं म्हणून थांबत नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो. आणि कलम ११३ मध्ये पुढं लिहिलंय की चालक हा मालक नसेल, तर गुन्हा मालकाला माहीत असताना किंवा त्याच्या हुकमानं झाला, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला कळत होतं की माल भरायचा निर्णय स्टिअरिंगवरचा माणूस घेत नाही.

पण व्यवहारात काय होतं? माझे मामा दहा चाकी गाडी चालवतात. दोन वर्षांपूर्वी खडीची फेरी घेऊन येताना त्यांची गाडी अडवली. माल किती भरायचा ते मामांना कुणी विचारलं नव्हतं. क्रशरवर लोडरवाल्यानं भरला आणि ‘निघा’ म्हणाला. मामांनी मालकाला फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं, ‘गाडी तुझ्या ताब्यात आहे की, तूच बघ.’ दंडातला काही भाग पुढचे सहा महिने पगारातून कापला गेला. मी मामांना म्हटलं, तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? ते म्हणाले, ‘मी नाही म्हटलं तर दुसरा उभाच असतोय रे पोरा, किल्ली घ्यायला.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण अख्खं राज्यशास्त्र त्यात आहे. मॅन्कर ओल्सन नावाच्या अभ्यासकानं १९६५ मध्ये एक पुस्तक लिहिलं, सामूहिक कृतीच्या तर्कावर. साध्या शब्दांत त्याचं म्हणणं असं, की सगळ्यांनी मिळून नियम पाळला तर सगळ्यांचं भलं होतं, हे प्रत्येकाला कळत असतं. तरी एकटा माणूस तो पाळत नाही, कारण पाळण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी येतो.

भाड्याचं उदाहरण घेऊ. आकडे मी हिशोबासाठी धरतोय. २०४ टन माल न्यायचा आहे. १२ टनांप्रमाणे १७ गाड्या लागतात. भाडं टनाला ८०० रुपये, म्हणजे गाडीला ९,६००. आता सगळ्यांनी १७ टन भरायला सुरुवात केली. १२ गाड्यांत काम संपलं. पाच गाड्या अड्ड्यावर उभ्या. उभी गाडी हप्त्याला थांबवत नाही, म्हणून ते पाचजण भाडं पाडतात. ८०० चं ६०० होतं. आता १७ टनांना मिळतात १०,२००. म्हणजे पाच टन जास्त ओढून, टायर घासून, डिझेल जाळून, दंडाची टांगती तलवार घेऊन हातात आले ६०० रुपये जादा. आणि जो बिचारा नियमानं १२ टनच भरतो, त्याला मिळतात ७,२००. ओव्हरलोडमध्ये गाडीवाला कमावतो हा भ्रम आहे. फायदा जातो ज्याचा माल आहे त्याच्याकडे, आणि बाकीचा खर्च रस्ता, पूल आणि चालक वाटून घेतात.

२०१८ मध्ये मर्यादा वाढवल्यावरही थोडं असंच झालं. ज्या गाड्या होत्या त्यांचीच क्षमता कागदावर वाढली, तेवढ्याच मालाला गाड्या कमी लागू लागल्या. २०१९ मध्ये अवजड वाहनांची विक्री घसरली, तेव्हा उद्योगातल्या लोकांनी जी कारणं सांगितली त्यात हेही एक होतं. म्हणून ‘मर्यादाच वाढवा, म्हणजे कुणी ओव्हरलोड राहणार नाही’ हा उपाय मला पटत नाही. मर्यादा वाढली की भाडं खाली येतं आणि पुन्हा त्याच्यावर चार टन चढतात.

मग करायचं काय? नाक्यावर अजून माणसं उभी करायची? माझं मत वेगळं आहे. ओव्हरलोड गाडी रस्त्यावर ‘सापडते’, पण ती तयार होते भरण्याच्या जागी. आणि तिथं वजन सगळ्यांना माहीत असतं.

उसाचंच बघा. आपल्या भागातल्या प्रत्येक कारखान्याच्या दारात काटा आहे. प्रत्येक ट्रक, प्रत्येक डबल ट्रॉली भरलेली आत जाते तेव्हा वजन होतं, रिकामी बाहेर पडते तेव्हा पुन्हा होतं. पावती निघते. त्या पावतीवर गाडीचा नंबर असतो, वेळ असते, वजन असतं. म्हणजे कुठली गाडी किती टन घेऊन आली याची नोंद हंगामभर, दिवसरात्र, कागदावर तयार होत असते. हीच गोष्ट सिमेंटच्या कारखान्याची, खडी क्रशरची, खाणीची. गाडीच्या नंबरावरून तिचं पासिंग सरकारकडे आहेच. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवायला नाक्यावर कुणाला रात्र काढायची गरज नाही. ठेवले जात नाहीत, कारण ठेवले तर बोट चालकाकडून उचलून भरणाऱ्याकडे वळवावं लागेल.

आता तुम्ही म्हणाल, काट्यावर कोण विश्वास ठेवतोय? बरोबर आहे. काटामारी हा शब्द आपल्या शेतकऱ्याला नव्यानं शिकवायची गरज नाही. ऊस घालणारा म्हणतो काटा कमी दाखवतो, आणि चालक म्हणतो नाक्यावरचा काटा जास्त दाखवतो. पण बघा, दोघांची मागणी एकच आहे. काटा खरा पाहिजे. वजनकाट्यांची तपासणी आणि शिक्का मारण्याचं काम वैधमापन खात्याचं आहे, दोन्ही राज्यांत. शेतकऱ्याचा काट्यासाठीचा लढा आणि चालकाचा दंडासाठीचा लढा आपण वेगवेगळे लढतो, म्हणून दोन्ही अर्धवट राहतात. आणि आपल्या गावांत तर बऱ्याचदा ते एकाच घरात आहेत. थोरला शेती करतो, धाकटा गाडीवर आहे.

म्हणून जाता जाता काही कामं सांगतो. मोर्चा लागत नाही, वही आणि फोन पुरे.

एक, घरातल्या गाडीची आरसी बघा. एकूण वजन, रिकामं वजन, दोन्ही लिहून घ्या, वजाबाकी करा आणि तो आकडा चालकाच्या फोनमध्ये टाका. आपल्या गाडीत कायद्यानं किती टन बसतात हे तोंडपाठ पाहिजे.

दोन, भरल्यावर काट्याची पावती घ्यायचीच, आणि बिल्टीवर लिहिलेलं वजन तिच्याशी जुळतंय का ते बघायचं. बिल्टीवर १२ आणि काट्यावर १७ असेल, तर तो कागद उद्या चालकाच्या बाजूचा पुरावा आहे. फोटो काढून घरी पाठवा. मालकाचा ‘भर आणि निघ’ असा मेसेज आला असेल तर तोही पुसू नका.

तीन, दंड झाला तर चलन घ्या. ज्याचा कागद नाही त्याला दंड म्हणत नाहीत, त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. चलनावर कलम कुठलं, वजन किती, कुठल्या काट्यावर केलं ते वाचा.

चार, माहितीचा अधिकार वापरा. आपल्या परिवहन कार्यालयात वर्षभरात ओव्हरलोडच्या केसेस किती, त्यात किती गाड्यांचा माल खरोखर उतरवला, आणि चालक सोडून मालक किंवा माल भरणाऱ्यावर किती कारवाया झाल्या, हे तीन प्रश्न विचारा. कायद्यानं हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे चंदगड-कागलकडच्यांनी मराठीत करावा, बेळगाव-खानापूरकडच्यांना इंग्रजी किंवा हिंदीचा रस्ता मोकळा आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पाच, आपल्या गावच्या ओढ्या-नदीवरच्या पुलाकडे बघा. वजनमर्यादेचा फलक आहे का? लाल गोल, आत टनांचा आकडा. त्याला भाषा लागत नाही. मराठी, कन्नड, तमिळ, राजस्थानी, सगळ्या चालकांना तो सारखाच कळतो. नसेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावातून मागणी करा.

शेवटी एवढंच. आपण सीमाभागातली पोरं हक्काची भाषा लहानपणापासून ऐकत आलोय. पण हक्क फक्त मोठ्या सभेत नसतो, तो आरसीवर छापलेल्या आकड्यातही असतो. त्या आकड्याच्या आत गाडी चालवता येणं हा चालकाचा हक्क आहे, आणि त्यापलीकडे भरायला लावणाऱ्याचं नाव केसमध्ये येणं हा न्याय आहे. उद्या कुणी आपल्या माणसाला म्हणालं, ‘तू नाही तर दुसरा उभाच आहे’, तर त्या दुसऱ्यालाही हाच हिशोब माहीत असला पाहिजे. दोघंही नाही म्हणाले, तर किल्ली हातात घेऊन उभं राहायची पाळी मालकावर येईल.

तो दुसरा तुमच्या गल्लीत राहतो. आज संध्याकाळी त्याच्याशी बोला.